यंत्रांचे आवाज आणि माझे कान

जिनिंगमधला फिटर म्हातारपणी बहिरा होतो, यात बातमी काही नाही. लोहाराच्या हाताला घट्टे पडतात तसे आमच्या कानाला पडतात. तरी आपली पाळी आली की माणूस गडबडतोच. परभणीच्या कानाच्या डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवले आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. सुरुवातीला दोन-तीनदा मी ऐटीत बोट वर केलं. मग आवाज यायचे थांबले. बराच वेळ बोट तयार ठेवून बसलो आणि शेवटी काचेवर टकटक करून म्हणालो, "डॉक्टरसाहेब, करा की पुढचं सुरू." त्यांनी दार उघडलं, कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "मिस्त्री, सगळं झालं."

मी हसलो. डॉक्टरही हसले. बरोबर आलेली माझी बायको कमल मात्र हसली नाही. बारीक आवाज गेलेत, जाडे आहेत, पण तेही हळूहळू जातील, असं डॉक्टर म्हणाले. कानात मशीन लावलं तर माणसाचं बोलणं कळेल. मी विचारलं, "आन बेअरिंग कळंल का?" त्यांना प्रश्नच समजला नाही. त्यांची चूक नाही. बेअरिंग ऐकायला त्यांच्याकडे आजवर कुणी आलंच नसेल.

म्हणून आधी धंदा सांगतो. सेलूच्या एका जिनिंगमध्ये माझी उभी हयात गेली. शेतकरी कापूस आणतो, त्यात सरकी असते. आमची यंत्रं, त्यांना जिन म्हणतात, कातडी रूळ आणि पोलादी सुरी यांच्या मधून तो कापूस ओढतात, सरकी खाली पडते आणि रुई पलीकडे जाते. ही रुई मग प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला की आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि यंत्र थांबवणं म्हणजे पाप. फिटरनं यंत्र थांबण्याआधी ओळखायचं, की ते थांबणार आहे.

ते ओळखायचं कानानं. लांब पेचकस घ्यायचा, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. अख्ख्या गिरणीचा गोंगाट बाजूला राहतो आणि ते एकच बेअरिंग तुमच्याशी बोलतं. चिरकत असेल तर त्याला ग्रीस पाहिजे. घरघरत असेल तर त्याचे दिवस भरले. या दोहोंच्या मध्ये शंभर तऱ्हा आहेत आणि त्या कुठल्या पुस्तकात नाहीत. पुस्तकात "असामान्य आवाज आल्यास तपासणी करावी" एवढंच लिहिलेलं असतं. सामान्य कोणता आणि असामान्य कोणता, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसावं.

परभणीहून परत येताना मला कान गेल्याचं तितकं वाईट वाटलं नाही. माणसांचं ऐकून मी असा कोणता शहाणा झालो होतो? पण डोक्यात साठलेले ते सगळे आवाज माझ्याबरोबर मुके होणार, हा विचार मात्र डोक्यातून जाईना. ते कुणाला द्यायचे आणि कसे द्यायचे, हे मला सुचत नव्हतं.

जिल्ह्यातल्या फिटरांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यात सकाळी फुलं यायची, दुपारी कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस आणि संध्याकाळी सोयरिकी. मधेच एखादा बिचारा बिघडलेल्या यंत्राचा आवाज टाकायचा, त्यावर कुणी तरी नामी इलाज सांगायचा, आणि रात्र व्हायच्या आत तो इलाज फुलांखाली गाडला जायचा. पुढच्या हंगामात तोच बिघाड, तोच प्रश्न, पुन्हा पहिल्यापासून. मी माझ्यापुरते आवाज फोनमध्ये भरून ठेवायला लागलो. हंगामभर भरले. आणि शिमग्याच्या सुमाराला प्रेसच्या तेलाच्या टाकीवर वाकलो असताना वरच्या खिशातला फोन डुबकन आत गेला.

माझी पुतणी सुनंदा आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवते. तिच्यापुढे मी तो तेलकट फोन ठेवला. तिनं तो नुसता उलटा-सुलटा केला.

"काका, खिशात ठिवलेलं आपलं नसतंय. ऑनलाइन ठिवा, सगळ्यांना दिसंल आसं. मग तुमचा फोन टाकीत जाऊ द्या न्हाई तर दुधना नदीत."

एका रविवारी बसून तिनं सगळं उभं केलं. सगळ्यांना उघडता येईल आणि सगळ्यांना भर घालता येईल असं एक ऑनलाइन शीट. त्यात ओळीगणिक एक बिघाड, आवाजाचा तुकडा, फोटो, इलाज. शेवटी एक रकाना होता, ऐकणारा. ज्यानं स्वतःच्या कानानं आवाज ओळखला त्यानं तिथं नाव लिहायचं. "नाव टाकलं की मानूस फेकत न्हाई," असं तिचं म्हणणं. ते मला पटलं. आमच्यात फेकणारे कमी नाहीत.

शीट देखणं झालं आणि कुणीही ते उघडलं नाही. सुनंदा चिडली. मी चार दिवस विचार केला तेव्हा ध्यानात आलं. तिनं शिकवायच्या पद्धतीनं लावलं होतं. आधी यंत्र, मग त्याचा भाग, मग भागाचा बिघाड.

मी म्हणालो, "आगं, कोनता भाग बिघडलाय हे ज्याला कळलं, त्याला शीट कशाला लागतंय? फिटरला भाग ठाव नसतोय. त्याला निस्ता आवाज ठाव असतोय."

"मग काय आवाजानं लावायचं? आवाजाला काय नाव असतंय?"

"नाव नसू दे. कशावानी येतोय ते लिहू."

हे तिला पटलं. पण बापावर गेलेली पोरगी, तिनं लगेच मोबदला मागितला. "लावते. पर माझी बी एक अट हाय. धडक्या मशीनचा बी आवाज पायजे."

मी हसलो. धडधाकट माणसाला कोण दवाखान्यात नेतं? ती म्हणाली, "काका, तुमी चांगला आवाज हजार येळा ऐकलाय म्हनून वाईट कळतोय. नव्या मानसानं चांगला कुठं ऐकलाय?" ह्यावर मी चहा मागितला.

मग आम्ही दोघांनी मिळून आवाजांना नावं दिली. पत्र्यावर हरभरे ओतल्यासारखा. ओल्या चपलेनं चालल्यासारखा. दाराआड मांजर अडकल्यासारखा. एका चिंचोळ्या कुरकुरीला मी "सासू पुटपुटल्यासारखा" लिहिलं, ते सुनंदानं खोडलं. सासू हे माप सगळ्या घरी सारखं नसतं, म्हणाली. ह्या खेपेला मात्र फिटर मंडळी तुटून पडली. जो तो आपल्या यंत्राला काय म्हणायचं ते सुचवायला लागला.

अडचण निराळीच निघाली. गिरणीत फोन धरला की सगळ्या यंत्रांचा मिळून एकच धबधबा भरला जायचा, हवा तो आवाज त्यात सापडायचाच नाही. मग लोक घरी जाऊन तोंडानं आवाज काढून पाठवायला लागले. एकानं पट्टा सुटल्याचा आवाज इतका झकास काढला, की तुकड्याच्या शेवटी त्याच्या लेकरांनी वाजवलेल्या टाळ्यासुद्धा आल्या. ऐकायला मजा होती, उपयोग शून्य.

ह्या साऱ्यात मानवतचे रऊफ उस्ताद नव्हते. माझ्यापेक्षा वयानं मोठे आणि कानानं तर फारच मोठे. त्यांना मी दोनदा आवतण दिलं होतं. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, "हुन्नर काय लग्नातली बुंदी हाय का साळवे, पंगतीत वाढायला?" आमच्या धंद्यात ही जुनी चाल आहे. उस्ताद आपली हिकमत सांगत नाही, कारण तीच त्याची भाकरी. सांगितली तर गिरणीला त्याची गरज राहत नाही.

आणि एक दिवस त्यांच्याच नावानं शीटमध्ये एक आवाज आला. मागे गिरणी दणाणतेय हे कळत होतं, पण पुढे एकच बेअरिंग, पेचकस कानाला लावावा तसं स्वच्छ. ग्रुपवर गदारोळ झाला. कसं केलं, म्हणून सगळ्यांनी विचारलं. उस्ताद गप्प. मी दुसऱ्या दिवशी मानवतची गाडी धरली.

त्यांनी चहा पाजला. पावसापाण्याचं बोलले, माझ्या कानाची चौकशी केली, पण मुद्द्यावर येईनात. इतक्यात आतून हाक आली, एक जिन गरम होतोय. उस्ताद उठले, मला "बस" म्हणाले नाहीत. मी मागोमाग गेलो. त्यांनी कोपऱ्यातून लांब पेचकस काढला. त्याच्या मुठीला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं फोन आवळून बांधला होता, फोनचं ऐकायचं भोक नेमकं मुठीवर. कानाच्या हाडाच्या जागी फोन! टोक बेअरिंगवर टेकवून त्यांनी मला दिसेल असं, सावकाश, दोनदा करून दाखवलं.

"बघितलंस?"

"बघितलं. उद्या सगळ्यांना सांगनार."

"सांग. पर मी दिलं असं म्हनू नको, तू चोरलं म्हन. माझ्या उस्तादानं मला शिकवलं न्हवतं, चोरू दिलं होतं. वर गेल्यावर त्यांना तोंड दाखवायचं हाय मला."

मी शब्द पाळला. शीटमध्ये त्या युक्तीपुढे आजही लिहिलेलं आहे: रऊफ उस्तादांकडून चोरलेली. त्यानंतर उस्तादांनी आपल्या इतक्या हिकमती चोरू दिल्या, की आम्हालाच वाहून न्यायला हात पुरेनात.

माझे नोकरीचे शेवटचे हंगाम मी पेचकसाला फोन बांधून काढले. सेलूतली गिरणी न् गिरणी धुंडाळली. मालकांना वाटायचं, मिस्त्रीला म्हातारचळ लागला. लागला होताच. पण एक गोष्ट हळूहळू घडत गेली, ती इथं सांगतो, कारण तिचाच सल मोठा होता. मी भरलेले आवाज मलाच ऐकू येईनात. बेअरिंग घरघरतंय हे मला हाताला कळायचं, तेलाच्या रंगावरून कळायचं, यंत्राच्या अंगाच्या उबेवरून कळायचं. पण ऐकलं असं शपथेवर सांगता येईना. त्या दिवसापासून ऐकणाऱ्याच्या रकान्यात मी माझं नाव लिहायचं सोडलं. जे कानानं घेतलं नाही, त्याला सही नाही. सुनंदा म्हणायची, रिकामा रकाना बघून लोक विश्वास ठेवणार नाहीत. मी म्हणालो, न ठेवोत.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हंगामात पाथरीचं प्रकरण उद्‌भवलं. तिथल्या एका जिनिंगमध्ये माणिक नावाचा फिटर होता. चाळिशी ओलांडलेला, शेतकऱ्याचा मुलगा, ग्रुपवर कधी एक शब्द बोलायचा नाही, नुसतं अंगठ्याचं चित्र टाकायचा. त्याच्या वरचा जुना मिस्त्री हंगामाच्या तोंडावरच सोडून गेला आणि सगळी गिरणी माणिकच्या गळ्यात पडली. त्यात प्रेसचा पंप बिघडला. हा पंप तेलाला जोर देतो आणि त्या जोरावर रुई दाबली जाते. जोर गेला की गाठ होत नाही, रुई छतापर्यंत साचते, मग जिनही थांबवावे लागतात, आणि आवारातल्या गाड्या दुसऱ्याच्या दारात जातात.

शेठनं बाहेरच्या एका इंजिनिअरला फोन लावला. त्यानं फोनवरूनच निदान केलं, पंप गेला, काढून पाठवा. म्हणजे ऐन हंगामात गिरणी बंद. शेठनं माणिकला सांगितलं, "सांजच्यापर्यंत प्रेस चालली न्हाई तर पंप बी जाईल आन तू बी."

हे मला सगळं नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की दुपारी ग्रुपवर माणिकचा आवाजाचा तुकडा आला आणि खाली पहिल्यांदाच शब्द होते, "मिस्त्री, एवढं ऐका."

मी कानातलं मशीन नीट बसवलं आणि फोन जवळ नेला. मशीन शिट्टी मारायला लागलं. काढून ऐकलं, काहीच नाही. फोन हाडाला लावला, दाताला लावला. तिकडे ग्रुपवर एकापाठोपाठ एक निकाल येत होते. पंप गेला. पंपच. नवा घ्या. मी खोलीत नुसता येरझाऱ्या घालत होतो. इतका निकामी मी जन्मात कधी झालो नव्हतो.

शेवटी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि कमलच्या कानाला लावला. "कशावानी येतंय?"

"मला काय कळतंय तुमच्या मशिनीतलं?"

"मशिनीचं सोड. कशावानी येतंय ते सांग."

तिनं डोळे मिटून ऐकलं. माझं बोलणं तिनं कधी इतक्या लक्ष देऊन ऐकलेलं मला आठवत नाही. "पत्र्यावर हरभरे ओतायलेत जनू. मधीच थांबायलेत, आन पुन्ना ओतायलेत."

मधेच थांबतंय! झिजलेला पंप थांबत नाही, तो एकसारखा रडतो. थांबून थांबून खडखडतो तो पंप धडधाकट असतो, फक्त तेलाबरोबर हवा गिळत असतो. टाकीकडून तेल ओढणाऱ्या पाइपाचा एखादा जोड कुठं तरी श्वास घेत असतो. त्याचा इलाजही साधा आहे. एकेका जोडावर दाट ग्रीस थापायचं आणि ऐकायचं. ज्या जोडावर खडखड थांबेल, तो चोर. मी हर्षानं लिहायला बसलो. माझी बोटं पान्याची, फोनवर ती दोन दोन अक्षरं एकदम दाबतात. "पंप काढू नको" एवढं लिहून होतंय तोवर खाली माणिकचा निरोप झळकला.

"झालं मिस्त्री. जोड घावला. हवा घेत व्हता."

आणि पाठोपाठ प्रेसमधून बाहेर येणाऱ्या गाठीचं चित्रण.

माझं लिहिलेलं तसंच राहिलं. आधी चक्क राग आला. थोडं थांबायचं होतं की लेका! मग खरं काय झालं ते डोक्यात शिरलं आणि मी एकटाच मोठमोठ्यानं हसायला लागलो. बहिऱ्याचं हसणं जरा जास्तच मोठं असतं. शेजारीण विचारायला आली, काय झालं. कमल म्हणाली, "काय न्हाई, पाथरीला मशीन चालू झालं." शेजारीण तशीच माघारी गेली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं पाथरी गाठली. माणिकनं मला सरळ पंपापाशी नेलं. त्या जोडावरून काढलेला तडकलेला क्लिप त्यानं रुमालात बांधून ठेवला होता. तो सांगत होता आणि मी त्याच्या ओठांकडे बघून जुळवत होतो.

"ग्रुपवर समदे म्हनायलेत पंप गेला. तुमचा निरोप येईना. मग म्हनलं, आपनच बघावं. शीटमधी हरभरे धुंडलं. दोन आवाज निघाले. एका कानाला फोन लावला, एका कानाला पेचकस. पहिला जुळंना. दुसरा लावला आन अंगावर काटा आला बघा. त्योच! खाली ग्रीसचं लिवलेलं व्हतं. तिसऱ्या जोडावर हात फिरवला आन खडखड गप."

"शेठ काय म्हनले?"

"काय म्हनतेत? चहा पाजला." मग म्हणाला, "पर मिस्त्री, येक इचारायचं हाय. त्या दुसऱ्या आवाजापुढं ऐकनाऱ्याचं नाव न्हाई. रिकामं हाय. समदे म्हनायलेत पंप गेला, आन ही येकच बिननावाची वळ म्हनायलीय न्हाई गेला. लय भेव वाटलं. कुनाची हाय ती?"

माझी होती. शेवटच्या हंगामात सेलूच्या प्रेसवर भरलेली. तेलावर ताकासारखा फेस दिसला, पंपावर तळहात ठेवला, थांबून थांबून येणारी ती थरथर ओळखीची वाटली आणि फोन बांधून आवाज घेऊन आठवणीवरून हरभऱ्यांखाली टाकला. मी त्याला ते सांगितलं. "ऐकला न्हाई म्हनून नाव न्हाई टाकलं. नियम हाय."

माणिकनं पेचकसाला फोन बांधला, धडक्या पंपाचा आवाज भरून घेतला आणि सुनंदाच्या अटीप्रमाणे शीटमध्ये चढवला. मग वर सरकून ती जुनी बिननावाची ओळ उघडली आणि ऐकणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहायला लागला. मी त्याचा हात धरला.

"आरं, मला ऐकू येत न्हाई. समद्या जिल्ह्याला ठाव हाय."

त्यानं मान वर केली आणि मला ओठ नीट दिसतील असं, एकेक शब्द सुटा करून बोलला, "काल मी कुनाच्या कानानं ऐकलं मग?"

मी हात सोडला. त्यानं नाव पुरं केलं, त्याखाली आपलंही लिहिलं आणि फोन खिशात टाकला. शेजारी प्रेस खाली आली. मला आवाज आला नाही, पण पायाखालची फरशी एकसारखी, न अडखळता थरथरली. पंप ठणठणीत होता.